आईची दिष्ट

ग्लास ओठाला लावला आणि समृद्धीला उमासा आला. दवाखान्यातल्या सिस्टरनं ग्लुकोज पाण्यात ढवळून दिलं होतं. सगळं प्यायचं, दोन तास बाकावर बसायचं, मग बोटातलं रक्त तपासायचं. गरोदरपणात साखर वाढलीय का, ते त्यावरून कळणार होतं. सिस्टर आत गेली तशी समृद्धी थोरल्या जावेच्या, महानंदाच्या, कानाशी लागली.

"आक्का, निम्मं तुमी प्या की. लई गोडमिट्ट हाय. कुणाला कळतंय?"

महानंदाची नजर फरशीवर होती. निघताना सासूनं, सिताबाईनं, बजावलं होतं, "माझा गुडघा धरलाय म्हणून तुला धाडते. संगं जा, पर तिच्या पोटाकडं बघू नगंस." समृद्धीनं पोटावर ओढून घेतलेला पदर अजून सोडला नव्हता.

महानंदाचं पोर जन्मलं तेव्हा अख्खा वॉर्ड बघायला लोटला होता. साडेचार किलोचं, गालांत डोळे बुडालेले, गुटगुटीत. महानंदाही दिवसभर त्याच्याकडं बघत बसली. दिवस मावळता त्याची मूठ सैल पडली, अंग गार झालं, आणि ते गेलं. "आईचीच दिष्ट लागली," सिताबाई ऊर बडवून म्हणाली होती. "डोळं फाडफाडून बघत व्हती." त्यात तिचा दुष्टावा नव्हता, तिचाही तो नातू होता. पण तेव्हापासून घरात गाय व्याली तरी महानंदाला गोठ्यात येऊ देत नसत.

आणि आता समृद्धी. सासरे, धुळाप्पा, कुंथलगिरीचे पेढे आणायचे ते थेट समृद्धीच्या हातात. दुधावरची साय तिची. उशाची मऊ गोधडी तिची. तिची चोरओटी भरली तेव्हा महानंदाला दळण देऊन गिरणीवर धाडलं होतं. पिठाचा डबा डोक्यावर घेऊन ती परत आली तेव्हा उंबऱ्यात हळदीकुंकू सांडलेलं होतं, आणि ते तिनंच पुसलं. रोज देवीपुढं दिवा लावताना ती सगळ्यांचं बरं मागायची, आणि दिवा लावून उठताना आतल्या आत जळायची.

आज मंगळवार, तिचा भवानीचा उपवास. साखरपाणी उपवासाला चालतं. पण तिनं ग्लास घेतला तो काही भुकेनं नव्हे. गर्भारणीसाठी कालवलेलं पाणी होतं ते. हिच्या वाटणीचं एवढं तरी आपल्या घशाखाली उतरू दे, असं तिला झालं. निम्मं म्हणता म्हणता तिनं तळाशी घोटभरच ठेवलं.

"अगं बया! उपास देवीचा का ग्लुकोजचा?" समृद्धी खुदकन हसली आणि उरलेला घोट नाक दाबून प्याली.

दोन तास महानंदा माठाकडं खेपा घालत राहिली. हल्ली तिला तहान अशीच लागायची. उपासानं लागते, असं ती म्हणायची.

समृद्धीच्या बोटाला सुई टोचली. यंत्रावर आकडा आला. "चांगलं आहे," सिस्टर म्हणाली. समृद्धीनं लगेच घरी फोन लावला. सिताबाईचा आवाज बाकापर्यंत पोचला, "माझी बाय ती! आता खा बिनघोर. तुझ्या मामंजीनी पेढं आणून ठिवल्यात."

खा, महानंदाच्या मनात आलं. पेढे खा, साय खा. पुढं व्हायचं ते होऊ दे. म्हणजे आपण दोघी सारख्या होऊ.

मनात आलं आणि तिच्या तळहाताला ती गार मूठ आठवली. देवीच्या वाराला हे काय आलं आपल्या मनात! ती उठून उभी राहिली.

"सिस्टर, ही तपासणी धरू नगा. पाणी हिनं न्हाय, म्या प्यालंय."

समृद्धीचं तोंड उतरलं, मग लाल झालं. "बघवलं न्हाय व्हय, आक्का? माझं चांगलं आलं की लगेच तुमच्या पोटात दुखलं!"

"दुखतंय की," महानंदा म्हणाली. "कवाधरनं दुखतंय. पर उद्या परत यायचं आन् सगळं पाणी तूच प्यायचं."

सिस्टर दोघींवर उखडली. मग तिनं माठाकडं बघितलं. "मघापासून किती पाणी पिताय हो तुम्ही? बोट आणा इकडं."

आकडा बघून तिनं दुसऱ्या बोटाचं रक्त घेतलं. आकडा पुन्हा तीनशेच्या वर.

"हे आजच्या ग्लासानं चढलेलं नाही. जुनी साखर दिसते. लेकरं किती?"

"एक होतं."

"जन्मलं तेव्हा वजन?"

"साडेचार किलो. दिवस मावळता गार पडलं."

सिस्टर खुर्चीत बसली. आवाज उतरवून म्हणाली, "ही साखर तेव्हापासूनच असणार, बाई. आईची साखर वाढली की बाळ पोटात असं वाढतं. लोक म्हणतात, काय गुटगुटीत! आणि जन्मल्यावर त्या बाळाची साखर एकदम उतरते. कळलं नाही, तर जातं."

महानंदाचे ओठ सुकले होते. "आन् मी बघत बसले म्हणून?"

"बघितल्यानं काय होतंय?" सिस्टरला प्रश्नच समजला नाही.

महानंदानं मान वर केली. समृद्धी समोरच उभी होती. तिचा हात सवयीनं पदराकडं गेला, आणि वाटेतच थांबला.

महानंदानं नजर खाली घेतली नाही.