हायड्रेंजियाचं खत

आतल्या खोलीत वाटीवर चमचा वाजला. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची चादर बदलायची वेळ झाल्याची ती खूण होती.

"तूच जा गं. मला तो वास सोसत नाही," म्हणत नवरा नाकाला रुमाल लावून बागेत सटकला.

"आई तुमचीच आहे ना?" असं पुटपुटत तिनं चादर बदलली आणि खराब झालेली भिजवायला ती बाहेर आली. नवरा हायड्रेंजियाच्या कुंडीत कुजक्या मासळीचं, अळ्या वळवळणारं खत उघड्या हातांनी कालवत होता. वर झाडाला लाडानं म्हणत होता, "खा गं बाळा, खा."

तिला नवऱ्याची शिसारी आली.

मागोमाग आलेल्या लेकीनं हळूच विचारलं,


"आई, तू म्हातारी झालीस की मलाही तुझा वास येईल का गं?"