वजिराचा बळी

बाबांनी रचलेलं बुद्धिबळाचं शेवटचं कोडं स्पर्धेच्या परीक्षकाने परत पाठवलं होतं. ‘सदोष आहे, दुसरंही उत्तर निघतं.’ ते शल्य उराशी घेऊनच बाबा गेले.

महिन्याभराने लेकीने तेच कोडं बुद्धिबळाच्या तीन कॉम्प्युटर प्रोग्रॅमना घालायचं ठरवलं. कोण किती वेळात सोडवतो ते पाहायला आईही शेजारी येऊन बसली.

पहिल्याला चाळीस मिनिटं लागली, दुसऱ्याला अकरा. दोघांनीही एकच खेळी काढली, वजिराचा बळी. दुसरं उत्तर काही निघालं नाही.

“म्हणजे चूक त्यांची नव्हती?”

“नव्हती गं आई. परीक्षकच चुकला.”

आईने डोळ्यांना पदर लावला. किती दिवसांनी तिचा चेहरा सैल झाला होता.

तिसरा प्रोग्रॅम बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरवरचा होता. लेक एकेक मोहरं मांडत होती. पांढरा राजा ठेवायचा राहिला होता, तेवढ्यात पडद्यावर वजिराची खेळी उमटली. राजाशिवाय तर डाव सुरूच होत नाही! तिने पट पुसला. रिकाम्या पटाखाली पुन्हा तीच खेळी आली.

“आई, मी हात लावलेला नाही.”

“त्यांना पाठच असणार ना,” आई शांतपणे म्हणाली.

मग रिकाम्या पटावर एक प्यादं आलं. पाठोपाठ घोडा, हत्ती, दोन्ही राजे. ही मांडणी दोघींनी कधीच पाहिली नव्हती.

आईने खुर्ची पुढे ओढली. “नवीन दिसतंय,” ती हसून म्हणाली.

पटाखालचं घड्याळ चालू झालं.