आधी सही

"आधी सही करा, सर. मग मावशी स्टेजवर येतील," असं म्हणून सिस्टर हॉलकडे जाणाऱ्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

मोठे सर, म्हणजे विद्यापीठाच्या कॅन्सर सेंटरचे प्रमुख, कोटाची बटणं लावता लावता थांबले. पलीकडे हॉल खचाखच भरला होता. सेंटरला आजवरचं सगळ्यात मोठं अनुदान मिळालं होतं आणि आज नव्या उपचार योजनेचं उद्घाटन होतं. ज्या गोळ्यांच्या जोरावर हे अनुदान आलं, त्या गोळ्या ज्यांना लागू पडल्या त्या लॉन्ड्रीवाल्या मावशी कडक इस्त्रीचे कपडे घालून या मागच्या खोलीत बसल्या होत्या. त्यांनी वर जाऊन आभाराचे चार शब्द बोलायचं ठरलं होतं.

"कार्यक्रमानंतर बघू," सर म्हणाले.

"तीन आठवडे 'बघू'च चाललंय. रविवारी मावशींच्या गोळ्या संपतात."

मावशींनी मान वर केली. "संपतात म्हणजे? नव्या योजनेत मिळणार ना? त्यासाठीच तर हा सगळा थाट!"

हे मावशींना सांगायचं काम सरांनी सिस्टरच्याच गळ्यात मारलं होतं. तेही कार्यक्रम उरकल्यावर, चहाबरोबर, गोड बोलून.

"नाही मिळणार, मावशी. ज्यात तुमच्यावर या गोळ्या तपासल्या, तो जुना अभ्यास बंद होतोय. आणि हे औषध ज्यांनी आधी कधीच घेतलेलं नाही, असेच पेशंट नव्यात घ्यायचेत. तशी अट आहे."

"कुठल्या शहाण्याने घातली ही अट?"

"मी."

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. नव्या योजनेचा मसुदा तिनेच टाइप केला होता. जुन्या फाइलमधलं अटींचं पान उचलायचं, तारीख बदलायची आणि पुढे ढकलायचं, ही सेंटरची वर्षानुवर्षांची रीत. चार प्राध्यापकांनी त्यावर सह्या ठोकल्या, समितीने मंजुरी दिली, आणि वाचलं कोणाच्या बापाने नाही. आता ती एक ओळ काढायची तर सहा महिने लागणार होते. तीन आठवडे सिस्टरला जेवण गोड लागत नव्हतं. सगळ्यांत जास्त राग तिला स्वतःचाच आला होता.

"वा रे वा!" मावशी म्हणाल्या. "गरज सरो, वैद्य मरो असं ऐकलं होतं. इथे तर वैद्यच म्हणतोय, गरज सरो, पेशंट मरो!"

"तसं नाही हो, मावशी," सर म्हणाले.

"मावशी ही म्हणते. तुम्ही नका म्हणू."

सिस्टरने टेबलावर फॉर्म आपटला. "औषध कंपनी अभ्यासाबाहेरही फुकट गोळ्या द्यायला तयार आहे, सर. प्रमुखांची एक सही हवी, बस."

सरांनी आवाज खाली आणला. "आणि उद्या यांचं काही बरंवाईट झालं तर? औषध तेच, म्हणून ते नव्या अभ्यासाच्या खात्यावर पडेल. अनुदान थांबेल. पुढच्या शेकडो पेशंटचा विचार मी करायचा की नाही?"

"ज्यांच्या अंगावर ते औषध तपासलं, त्यांचा कोणी करायचा? बाहेर पडद्यावर यांचेच स्कॅन लावलेत ना तुम्ही? गाठ आधी एवढी होती, मग एवढीशी झाली, लोक टाळ्या वाजवतायत! आणि माणूस गेलं चुलीत? लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला?"

एकोणीस वर्षांच्या नोकरीत ती साहेबांपुढे अशी कधी बोलली नव्हती. ती पुन्हा दाराला पाठ लावून उभी राहिली.

स्पीकरवरून निवेदिकेने मावशींना स्टेजवर बोलावलं. पहिल्या रांगेतले पाहुणे माना वळवून वाट बघत असणार, हे सरांनाही कळत होतं.

"सिस्टर, तुम्ही मला कोंडीत पकडताय."

"हो."

त्यांनी खिशातून पेन ओढलं आणि कागद फाटेल इतक्या जोरात सही केली. "घ्या. झालं समाधान?"

जिंकलो आपण, असं सिस्टरला वाटलं. तिने फॉर्म मावशींच्या हातात दिला. "चला, मावशी."

मावशी उठल्या नाहीत. चष्मा लावून त्यांनी कागद दोन्ही बाजूंनी सावकाश वाचला.

"यात माझ्या एकटीचंच नाव आहे."

त्यांनी कागद सिस्टरपुढे धरला.

"या गोळ्यांवर आम्ही पाच जण होतो ना गं? ते पोस्टातले भाऊ कुठायत? ती जुळ्यांची आई? बाकीच्यांचे कागद कुठायत?"

"पाच मागितले असते तर एकही मिळाला नसता, मावशी. तुम्ही आज स्टेजवर जाणार होतात, म्हणून म्हटलं निदान तुमचं तरी..."

"म्हणजे तू मला निवडलंस." मावशींचा आवाज चढला नाही. "आणि त्या चौघांना सोडलंस. मग यांच्यात आणि तुझ्यात फरक काय, पोरी?"

सिस्टरच्या कानशिलात बसली असती तरी तिला इतकं लागलं नसतं. रात्र रात्र जागून तिने ही युक्ती काढली होती, आणि तिला ती शहाणपणाची वाटली होती.

"कोरे फॉर्म आहेत?" मावशींनी विचारलं.

"ऑफिसात. वरच्या मजल्यावर."

"मग बघतेस काय? पळ!"

स्पीकरवर दुसरा पुकारा झाला. हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या. सर दाराकडे वळले, पण मावशींशिवाय वर जाऊन सांगणार काय? सिस्टर जिन्याकडे धावली तेव्हा मागून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ मावशींचा.

"बसा, साहेब. अजून चार सह्या आहेत."