धाकटी बहीण

शंकर नगरातल्या चंगाई सभेत एस्तर आईला खेटून बसली होती. पास्टरभैयाच्या शब्दावर आईनं आठवडाभर इन्सुलिन घेतलं नव्हतं; सुई टोचणाऱ्याचा विश्वास कच्चा, असं तो म्हणे. प्रार्थनेच्या चिठ्ठ्यांची पेटी तो कधीच उघडत नाही, देवच त्याला सगळं दाखवतो, अशी आईची पक्की खात्री होती. म्हणून आज एस्तरनं आईच्या नावानं एक खोटी चिठ्ठी पेटीत टाकली होती. पास्टरनं डोळे मिटले. "शांतादीदी, प्रभू मला तुमची धाकटी बहीण दाखवतोय. लकव्यानं पडलीय बिचारी!" हॉलभर हालेलुया घुमलं. "मले तं बहीणच नाही," आई पुटपुटली. "मीच लिहिलं होतं, आई," रडवेली एस्तर म्हणाली. आई बायबल छातीशी धरून भर प्रार्थनेत उठली. "मी एकुलती एक आहे, हे प्रभूले चांगलं माहीत आहे, पोट्टे. चाल, आधी दवाखान्यात जाऊ."