गिऱ्हाईक येण्याआधी

“अहो, चहाच्या डब्यात पुन्हा झुरळ!” शरयूताईंनी डबा अंगणात उपडा केला. “पाचला गिऱ्हाईक येतंय. विकून टाकू ही गाडी. किनाऱ्याकिनाऱ्यानं कोकण बघायचं आपल्या नशिबात नाही.”

दिगंबरराव कॅम्परच्या दाराशी खालमानेनं उभे होते. मोटारीला जोडून न्यायचं हे चाकांवरचं घर बायकोच्याच हौसेनं घेतलेलं. महिनाभर त्यांनी झुरळांसाठी कणकेत बोरिक पावडर मळून गोळ्या ठेवल्या, खडूच्या रेघा ओढल्या, फवारे मारले. फक्त पलंगाखालच्या कप्प्याला हात लावला नव्हता. “पुस्तकं न्यायची नाहीत,” असं तिनं बजावूनही त्यांनी तिथे एक खोकं दडवलं होतं. जुन्या बांधणीची खळ खाऊन झुरळं पोसताहेत, हे कळूनही पंधरा दिवस त्यांना सांगायचा धीर होत नव्हता.

साडेचार वाजले. ते उगाच आत-बाहेर करत राहिले. फाटक वाजल्याचा तीनदा भास झाला. शेवटी वाकून त्यांनी खोकं ओढलं आणि अंगणात तिच्या पायाशी आणून उघडलं. झुरळं चहूकडे पळाली.

“माझंच पाप,” ते पुटपुटले.

शरयूताईंनी खराट्यानं आधी चार झुरळं टिपली. “परवाच पाहिलं होतं मी ते.”

“मग बोलली का नाहीस?”

“म्हटलं, गाडी विकेपर्यंत तरी तोंड उघडता का, बघू.” त्यांनी फोन उचलला. “कळवते त्यांना, गाडी विकायची नाही म्हणून. तुम्ही पुस्तकं उन्हात घाला. आणि दोन घ्या बरोबर. झटकून!”