सामानापाशी

“तू बस इथंच,” बन्सीलाल म्हणाले आणि त्यांनी गाठोडं पुष्पाबाईंच्या पायाशी आणून टेकवलं.

जळगाव स्टेशनात गाडी येऊन गेली होती. फलाटावरची गर्दी ओसरली होती. दोंडाईच्याहून चौघं आले होते. बन्सीलाल, त्यांची बायको पुष्पाबाई, धाकटा भाऊ पंडित आणि त्याची बायको लताबाई. जामनेरला भाचीचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं. आजचा दिवस मोकळा होता. त्या दिवसात अजिंठा पाहायचा, हा हट्ट पुष्पाबाईंचा. दिवाळीपासून त्या नवऱ्याच्या मागे लागल्या होत्या.

ट्रंक आणि पिशव्या स्टेशनच्या सामानघरात ठेवून झाल्या. गाठोडं तेवढं परत आलं होतं.

“कुलूप नसलेलं सामान घेत नाहीत म्हणे,” बन्सीलाल म्हणाले. “आत आहेराची भांडी आहेत. कोणीतरी बसायलाच पाहिजे.”

“अहो, पण अजिंठ्याचं तर मीच...”

“लेणी काय पळून जातात? पुढच्या खेपेला बघशील.”

“नाना, चला, एसटी जाईल,” पंडित म्हणाला. लताबाई घुटमळली. “अक्का, मी थांबू का?” पण पंडितनं तिला पुढं घातलं होतं. तिघंही जिना चढून दिसेनासे झाले.

पुष्पाबाई बाकावर बसल्या. बसायची त्यांना सवय होती. कुठंही गेलं, अगदी मुंबईला गेलं तरी सगळ्यांच्या चपला, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या त्यांच्याभोवती गोळा व्हायच्या आणि बाकीचे पाहायला जायचे. आजवर त्या कधी काही बोलल्या नव्हत्या. आज मात्र त्यांना राग आला. त्या उठल्या. गाठोडं काखोटीला मारून थेट सामानघराच्या खिडकीशी गेल्या.

“भाऊ, गाठोड्याला कधी कुलूप असतं का? असला कसला तुमचा नियम?”

आतल्या माणसानं चष्मा वर केला. “बाई, भोवती साखळी गुंडाळा आणि तिला कुलूप लावा. समोरच्या दुकानात दोन्ही मिळतं. मघाशी तुमच्या मंडळींना सांगितलं की मी.”

“सांगितलं होतं? मग ते काय म्हणाले?”

माणूस ओशाळला. “म्हणाले, कशाला? बाई आहे ना बसायला.”

पुष्पाबाई तडक वळल्या. रस्ता ओलांडून त्यांनी साखळी आणली, कुलूप आणलं. गाठोडं असं आवळलं की आतल्या परातीचा आवाज झाला. ते खिडकीतून आत सरकवलं आणि विचारत विचारत त्या एसटी स्टँडवर पोचल्या. एकटीनं एसटीत बसायची ही त्यांची पहिलीच वेळ. शेजारी केळ्यांची पाटी घेतलेली एक म्हातारी होती. तिनं विचारलं, “एकलीच शे का माय?”

“हो,” पुष्पाबाई म्हणाल्या. “एकलीच.”

लेण्यांच्या पायऱ्या त्या रागातच चढल्या. नवऱ्याला सगळ्यांसमोर गाठायचं आणि जाब विचारायचा, एवढंच डोक्यात होतं. पहिल्या लेण्यात त्या आत शिरल्या. आधी काही दिसेना. मग तिथल्या रखवालदारानं भिंतीवर दिवा धरला, आणि हातात कमळ घेतलेला, मान किंचित कलती केलेला चित्रातला बोधिसत्त्व अंधारातून पुढं आला. पुष्पाबाई जाब विसरल्या. इतक्या दुःखात कोणी इतकं शांत दिसू शकतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मागची माणसं पुढं सरका म्हणेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

पुढं प्रत्येक लेण्यात त्यांनी आपली माणसं शोधली. हळूहळू शोधणंही राहून गेलं. शेवटाकडे आडव्या बुद्धाची भलीमोठी मूर्ती होती. तिच्यापाशी त्या भिंतीला टेकून बसल्या. पायाशी काही नव्हतं. राखायचं काही नव्हतं.

परत आल्या तेव्हा मंडळी अजून आली नव्हती. एवढ्या गर्दीत चुकामूक झाली असेल, असं त्यांना वाटलं. गाठोडं सोडवून त्या बाकावर बसल्या. थोड्या वेळानं तिघं आले.

“झालं का पाहून?” पुष्पाबाईंनी विचारलं. जाब विचारायचा होताच, पण आधी ऐकायचं होतं. ज्यानं त्यांना वेड लावलं, त्यानं नवऱ्यालाही लावलं का, एवढं ऐकायचं होतं.

“पाहिलं बठ्ठं, सगळी लेणी पाहिली,” बन्सीलाल बाकावर बसत म्हणाले. “चढून चढून पाय मोडले. आत नुसता अंधार. पहिल्या लेण्यात तर कोऱ्या भिंती, चित्रं कधीच पुसून गेलीत. तुला नेलं नाही ते बरंच झालं.”

पुष्पाबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. मग जावेकडे वळल्या.

“लता, कुठं होतात दिवसभर?”

लताबाई पदराशी चाळा करत होती. “सिनेमाला गेलो, अक्का. एसटीत बसायला जागा नव्हती, म्हणून नाना म्हणाले की...”

“तुला वाईट वाटू नये म्हणून बोललो,” बन्सीलाल घाईनं म्हणाले. “इथं बसून तुला काय कळणार होतं?”

“मी इथं नव्हते,” पुष्पाबाई म्हणाल्या. “मी अजिंठा पाहून आले.”

पंडित खाली पाहू लागला. बन्सीलालांचं तोंड उघडं राहिलं. पुष्पाबाईंना मात्र आता अजिंठा आठवत नव्हता. आठवत होत्या मागच्या सगळ्या खेपा: नवरा परत यायचा, बाकावर असाच बसायचा आणि काय काय पाहिलं ते सांगायचा. त्या मन लावून ऐकायच्या. दोंडाईच्याला गेल्यावर तेच शेजारणींना सांगायच्या, जणू आपल्याच डोळ्यांनी पाहिलंय.

“अहो,” त्यांनी विचारलं, “मुंबईला समुद्र तरी पाहिला होतात का?”