विनाशिकेची कमाई

राखाडी रंगाचा शेवटचा थर खरवडला तशी पत्र्यावर एका बोटीची डोलकाठी दिसली, आणि पेंटरचा हात जागीच थांबला.

युद्धात गाजलेली ही विनाशिका आता धक्क्याला कायमची बांधून तिचं संग्रहालय करायचं ठरलं होतं. बुडवलेल्या प्रत्येक बोटीची काळी आकृती सुकाणूघराच्या बाहेर रंगवायची, अशी नौसैनिकांची तेव्हाची रीत. तिला ते जहाजाची कमाई म्हणत. पुढे कुणीतरी त्यावरून राखाडी रंग फासला होता. ती कमाई वर काढून उजळायचं काम पेंटरकडे आलं होतं.

पहिल्या दोन आकृत्या जंगी होत्या, धुराड्यांसकट. तिसरी हाताच्या पंजाएवढी. साधी मासेमारीची बोट, पण डोलकाठी पार मागच्या टोकाला. अशी बोट पेंटरने उभ्या जन्मात एकच पाहिली होती. जाळी पसरायला जागा व्हावी म्हणून त्याच्या बापाने काठी मागे रोवली, तेव्हा अख्ख्या बंदराने त्याची टर उडवली होती. बोटीला शेपूट फुटलंय, म्हणायचे. युद्ध पेटलं त्या साली बाप तीच बोट घेऊन गेला तो परत आलाच नाही. शत्रूने मारलं, असं एक सरकारी माणूस घरी येऊन सांगून गेला. झटक्यात गेला असेल, त्याला कळलंही नसेल, एवढंच समाधान आईने धरून ठेवलं होतं. ती अजून हयात होती आणि अजून शत्रूच्या नावाने बोटं मोडायची.

शेजारी खुर्ची टाकून या जहाजावरचा जुना तोफची बसला होता. उद्घाटनाचा मानाचा पाहुणा. आकृत्या नीट निघतायत ना, हे बघायला त्याला मुद्दाम बोलावलं होतं. ही कुणी बुडवली, असं पेंटरने मान न वळवता विचारलं आणि म्हातारा खुलला. दाट धुकं, बोटीवर दिवा नाही, रसद पोचवणारी शत्रूची बोट ती, एका गोळ्यात कारभार आटोपला, आणि तो गोळा त्याचाच. पदक मिळालं तेही याच बोटीबद्दल. पेंटरला वाटलं, या तोंडात रंगाचा बोळा कोंबावा. पण पुढचं ऐकायचं होतं. ते त्याला लहानपणापासून ऐकायचं होतं.

"पाण्यात कुणी होतं का, काका?"

"होता एक. फळीला धरून."

"काही म्हणाला?"

"ओरडत होता, मी तुमचाच आहे, मी तुमचाच आहे. आपल्याच भाषेत." तोफचीने टोपी काढून डोकं खाजवलं. "आम्ही म्हटलं, लेकाचे भाषासुद्धा शिकून आलेत."

"मग?"

"मग काय, निघालो. थांबायची सोय नव्हती."

पेंटरने शिडी घट्ट धरली. आईला आता काय सांगायचं, ते त्याला सुचेना.

एवढ्यात संग्रहालयाचे साहेब वर आले. तिसरी आकृती बघून त्यांनी नाक मुरडलं. एवढीशी बोट खालून लोकांना दिसायची कशी, जरा मोठी करा, म्हणाले. तोफचीने लगेच री ओढली. होतीच ती मोठी, चांगली दुप्पट.

"लहानच होती," पेंटर म्हणाला.

"तुला रे काय ठाऊक?"

"शाळेला दांडी मारून बापाबरोबर जायचो तिच्यातून." पेंटरने आकृतीच्या मागच्या टोकावर बोट टेकवलं. "इथे बसायचो मी."

तोफची खुर्चीतून उठला आणि पुन्हा बसला. साहेबांनी घसा खाकरला. पेंटरच्या खांद्यावर हात ठेवून, वाईट वाटतं, म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. मग त्यांनी एकदा जिन्याकडे बघून आवाज खाली आणला.

"यावरून पुन्हा राखाडी हात फिरवा. पहिल्या दोन पुरेत आपल्याला."

"एकदा बुडवलीत, तेवढं बस झालं," पेंटर म्हणाला, आणि काळ्या रंगाचा डबा उघडायला वाकला.